पानाची उलट बाजू

"बाबा, श्वास तिकडे," लेक म्हणाली.

वर न बघता म्हणाली. तिच्या एका हातात लोणी लावलेला पाव होता, डोळे फोनमधल्या कुठल्याशा आकड्यांवर होते, आणि तिचा कामावरचा पांढरा कोट टेबलाच्या उरलेल्या भागावर आडवा पडला होता. त्याच्या बाहीचं बटण कालपासून एका दोऱ्यावर लोंबत होतं. खिडकीचा उजेड नेमका तिच्या खुर्चीमागून येतो, म्हणून मास्तर तिथं उभे राहून, तिच्या खांद्यावरून वाकून ते बटण लावत होते. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, कपडे बेतणारे. उभं आयुष्य लोकांच्या छातीला आणि कमरेला फीत लावण्यात गेलं, आणि आता दुकान बंद झाल्यावर लेकीच्या दोन खोल्यांत पडदे शिवणं, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या पँटी आखूड करणं, एवढ्यावर त्यांचे दिवस चालले होते. लेकीचे शब्द कानावर पडले आणि आत ओढलेला श्वास त्यांनी आतच ठेवला. तसाच ठेवून बटणाचे उरलेले टाके भराभर घातले, गाठ मारली, कोटाची घडी करून तिच्या पिशवीत सरकवला. ती उठली, पावाचा शेवटचा तुकडा तोंडात कोंबत "येते" म्हणाली, आणि जिन्यावरचा तिच्या चपलांचा आवाज विरला तेव्हा कुठे मास्तरांनी श्वास सोडला.

आधी त्यांनी तळहात तोंडासमोर धरून हुंगून पाहिला. काही कळेना. स्वतःचा वास स्वतःला कुठला यायला. मग दुसऱ्यांदा दात घासले, जीभ घासली, चूळ भरली, पुन्हा तळहात धरला, तर आता नुसता पेस्टचा वास. आरशातला माणूस त्यांच्याकडे असा बघत होता, जसं काही त्याला आधीपासून ठाऊक होतं. दुसऱ्या कोणाला हे वाक्य एवढं लागलं नसतं, पण मास्तरांच्या ते वर्मी बसलं, कारण सबंध आयुष्यात त्यांनी कशाचा अभिमान बाळगला असेल तर याचाच. परक्या माणसाच्या इतक्या जवळ डॉक्टर आणि न्हावी सोडले तर कोण जातं? छातीचं माप घेताना दोन्ही हात गिऱ्हाइकाच्या पाठीमागे जातात, क्षणभर ती मिठीच असते, आणि ती मिठी आहे असं समोरच्याला वाटू द्यायचं नसतं. मास्तर मापाआधी लवंग चघळत, मान एका बाजूला वळवत, फीत आवळताना श्वास धरत. प्रत्येक नव्या कारागिराला सुई हातात देण्याआधी ते हेच शिकवत. एकदा एक गिऱ्हाईक म्हणालं होतं, "मास्तर, तुमचा हात लागलेला कळतो, तुम्ही कळत नाही." ते वाक्य मास्तरांनी इतकी वर्षं मनात इस्त्री करून ठेवलं होतं. आणि आता घरच्याच माणसाला त्यांचा श्वास खुपायला लागला होता.

एकदा टाका उसवला की शिवण पुढे आपोआप सुटत जाते. ते रिकाम्या टेबलापाशी बसले आणि गेल्या काही महिन्यांतल्या कितीतरी गोष्टी एकेक करून निसटायला लागल्या. जेवताना ती खिडकीकडे तोंड करून बसते. चहा नेऊन दिला की हातात घेत नाही, "ठेवा तिथं" म्हणते. परवा ते तिच्या मागून कॉम्प्युटरमध्ये डोकावले तर ती खुर्चीसकट बाजूला सरकली होती. तेव्हा त्यांना वाटलं, आपल्याला नीट दिसावं म्हणून सरकली. त्यांना स्वतःच्या भोळेपणाचा राग आला. तिची आई शेवटच्या आजारात भिंतीकडे तोंड करून निजायची. मास्तर पलंगाच्या कडेला बसून राहायचे, तिच्या पाठीकडे बघत, आणि त्यांना वाटायचं की ही आपल्यावर रागावली आहे. कशाबद्दल, तेही त्यांना साधारण माहीत होतं. विचारू विचारू म्हणता ती गेली. रागावली होती, की तिला त्या कुशीवर नुसतं बरं वाटत होतं, हे आता सांगायला कोणीच नाही. ती पाठ मात्र मास्तरांना अजून दिसते, परकराची नाडी जरा सैल बांधलेली, खांद्यापाशी ब्लाउजची शिवण त्यांनीच घातलेली.

आणि ही लेक, हिला तर त्यांनी दुकानातच वाढवलं. कापड बेतायच्या टेबलाखाली चिंध्यांच्या ढिगात ती बसायची, म्हणून तिचं नाव चिंधी पडलं; खरं नाव शाळेच्या दाखल्यापुरतं उरलं. टेबलाखाली बसून ती मोठमोठ्यानं धडे पाठ करायची. एक शब्द होता, प्रकाशसंश्लेषण. तो तिला इतका आवडला होता की येईल त्या गिऱ्हाइकाला ती म्हणून दाखवायची, आणि मग मास्तरांना म्हणायला लावायची, नेमक्या त्यांच्या तोंडात टाचण्या असताना. ओठांत ओळीनं टाचण्या धरून मास्तर "प्रकाशशं... प्रकाशशंश्लेशण" म्हणत आणि ती चिंध्यांत लोळून हसे. बायको शिवणयंत्रावरून म्हणायची, "यांच्या तोंडात कायम टाचण्या ठेवा, म्हणजे घरात शांतता राहील." तीच चिंधी पुढे पानांच्या मागे लागली, कॉफीच्या झाडांवर मोठं शिक्षण घेतलं, आणि आता शहराच्या टोकाला एका काचघरात दिवसभर कॉफीची पानं तपासत असते. गंमत म्हणजे ती स्वतः चहाच पिते. मास्तरांना तिच्या कामातलं फारसं कळत नसे, पण कोणी विचारलं की ते "पानांची डॉक्टर आहे" असं सांगत आणि वर छाती फुगवत.

दहाच्या सुमारास त्यांनी थोरल्या बहिणीला फोन लावला. ताई दुसऱ्या गावात राहते, दर फोनला इकडे ये, इकडे ये म्हणून मागे लागते.

"उद्या येतो," मास्तर म्हणाले. "राहायलाच येतो म्हण."

"ये की. मागची खोली रिकामीच आहे." मग ताईनं हळूच विचारलं, "भांडलात का काय?"

"भांडण कसलं. तिला जरा जागा होईल."

"तिला विचारलंस?"

"त्यात विचारायचं काय."

फोन ठेवून त्यांनी माळ्यावरची बॅग काढली, झटकली, त्यात चार सदरे, फीत, मोठी कात्री आणि बायकोचा फोटो ठेवला. बॅग अर्धीही भरली नाही. रिकाम्या भागात काय घालावं ते सुचेना, म्हणून त्यांनी ती तशीच पलंगाखाली सरकवली. तेवढ्यात फोन वाजला.

"बाबा, तुम्ही माझी बाही शिवून टाकलीत."

"म्हणजे?"

"म्हणजे बाहीचं तोंडच शिवलंय. बटण लावलंत ते दोन्ही पदरांतून आरपार. हात बाहेर येत नाही. कोटाशिवाय इथे आत जाता येत नाही आणि बारानंतर पानं माझ्या काही कामाची नाहीत. ब्लेडनं कापू का?"

मास्तरांच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. वरचा पदर खालच्या पदराला शिवणं ही पहिल्या दिवशीच्या कारागिराची चूक. दुकानात कोणी असं केलं असतं तर त्यांनी त्याला दिवसभर नुसतं उसवायला बसवलं असतं. "कापू नकोस," ते म्हणाले. "ब्लेड लावशील तर कापड जाईल. मी येतो." टाके काढायची उसवणी आणि चष्मा खिशात टाकून ते निघाले, आणि रस्ताभर त्यांना एकच वाटत राहिलं, की श्वास धरून काम केल्याचा हा परिणाम.

काचघर त्यांनी बाहेरून पाहिलं होतं, आत कधी गेले नव्हते. फाटकापाशी एक माळी रबरी नळीचं वेटोळं खांद्यावर घेऊन उभा होता. "बाईंचा कोट शिवायला आलात होय," म्हणत तो त्यांना आत घेऊन गेला. एका लांब ओसरीतून चालताना डाव्या हाताला काचेपलीकडे ओळीनं हिरवी झाडं दिसत होती, पुरुषभर उंच, फांद्या आडव्या पसरलेल्या, आणि प्रत्येक फांदीवर पानं जोडीजोडीनं समोरासमोर. पानांवर अशी झिलई होती की मास्तरांना वाटलं, कोणी सकाळी येऊन पुसून जातं की काय. ओसरीच्या शेवटी दार होतं आणि दारावर चिकटवलेल्या कागदावर लेकीच्या ठसठशीत अक्षरात दोनच शब्द लिहिले होते. श्वास तिकडे.

मास्तर जागच्या जागी थांबले.

"त्याचं काय आहे," माळी म्हणाला, "आत पानाला चिमटा लावून मोजतात, पान किती हवा खातं ते. आपण श्वास सोडतो ना, त्यातच पानाचं खाणं असतं. चिमट्याजवळ आपण फुस्स केलं की आकडा वर जातो आणि सगळं मोजणं फुकट. म्हणून तोंड फिरवून श्वास सोडायचा. बाई तर दिवसातून शंभरदा म्हणतात, माझ्या तोंडातही बसलंय. परवा घरी बायकोला म्हणालो, तर तिनं ताट आपटलं." तो स्वतःशीच हसला. "बाईंनी हा नियम वडिलांकडून आणला म्हणे. त्यांचं फार मोठं दुकान होतं, शिवणकामाचं. तिथे गिऱ्हाइकाच्या अंगावर श्वास सोडलेला चालत नसे. वडील कारागिरांना हेच म्हणायचे, श्वास तिकडे. बाई सांगतात, असा हात पुन्हा झाला नाही."

दुकान कसलं मोठं, दोन यंत्रं आणि एक टेबल मावेल एवढी ती जागा होती, आणि दोघं गिऱ्हाईकं एकदम आली तर एकाला पायरीवर उभं राहावं लागे. आपण कारागिरांना कोणत्या शब्दांत सांगत होतो, ते मास्तर साफ विसरले होते. आता ते शब्द त्यांना त्यांच्याच आवाजात ऐकू आले, टाचण्यांतून निघालेले, जरा फुसफुसणारे. टेबलाखाली बसलेली पोर ते ऐकत होती आणि तिनं ते जपून आणले होते, काचघरापर्यंत, या दारापर्यंत. आपणच तिचे वडील, हे त्यांनी माळ्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो पुढचं बोलायचा थांबला असता, आणि मास्तरांना अजून ऐकायचं होतं. पण माळ्याची कुठेतरी नळी फुटली होती, तो गेला.

लेक आतल्या खोलीत वाट बघत होती. मास्तर स्टुलावर बसून बाही मांडीवर घेऊन उसवायला लागले. सकाळचा घाव आता नव्हता, म्हणजे असायला नको होता. पण पलंगाखाली भरलेली बॅग होती, ताईला दिलेला शब्द होता, आणि शब्दांचा उलगडा झाला तरी तिचं खुर्ची सरकवणं, खिडकीकडे तोंड करून जेवणं, त्याचं काय? ते काही दारावर लिहिलेलं नव्हतं. हिला आपण हवेत की नकोत, हे विचारायला हवं, असं त्यांना वाटलं आणि ते टाके उसवत राहिले.

"झाल्यावर हे बघा," ती म्हणाली. "तुमची वाट बघता बघता कालच्या पानाचा पातळ काप घेतलाय." तिनं त्यांना सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं, चष्मा काढायला लावला, आणि स्वतः यंत्र जुळवायला लागली.

आधी नुसता उजेड दिसला, मग मास्तरांच्या पापण्यांची सावली, आणि मग एकाएकी ते आलं. कागदाहूनही पातळ असलेलं पान आडवं कापून उभं केलं होतं, आणि त्याच्या आत मजले होते. सगळ्यात वर काचेसारखा नितळ पदर, पाणी ठरू नये असा. त्याखाली चपट्या पेशींची एक ओळ, टीप घातल्यासारखी सरळ. मग उंच, उभ्या पेशी, एकीला एक खेटून, आणि त्या प्रत्येकीत हिरवे दाणे भरलेले. त्याखाली मात्र सगळं सैल. वेड्यावाकड्या पेशी कुठे हात धरून, कुठे सोडून, मध्ये मोकळ्या जागाच जागा. आणि तळाला पुन्हा चपटी ओळ, तिच्यात मधूनमधून बारीक फट, फटीच्या दोन्ही बाजूंना ओठांसारखी एकेक पेशी. मास्तरांनी कित्येक वर्षं लोकांचे कोट उलटे करून पाहिले होते. सुलट बाजू कोणीही चांगली करतो. कोट उलटा केला की कारागिराची लायकी कळते, अस्तर कुठे दुमडलंय, दोऱ्याचं टोक कुठे लपवलंय, ढील कुठे सोडलीय. त्यांना इथे दोष काढायची सवयीनं इच्छा झाली आणि काढता येईना. जिथे आवळ पाहिजे तिथे आवळ होतं, जिथे सैल पाहिजे तिथे सैल.

"वरून उजेड येतो, खालून हवा," लेक मागून सांगत होती. "मुळांकडून पाणी. तिन्हीची गाठ त्या हिरव्या दाण्यांत पडते आणि तिथे साखर होते. उजेड कमी असला की ते दाणे पसरून बसतात, मिळेल तेवढा गोळा करतात. फार झाला की कडेला सरकून एकामागे एक उभे राहतात."

"एकमेकांच्या सावलीत."

"हो. कॉफी मुळात मोठ्या झाडांखाली वाढलेली. तिला ऊन सोसत नाही फार."

"आणि या फटी? वरच्या बाजूला एकही दिसत नाही."

"वर नाहीतच. हिची सगळी दारं खालच्या अंगाला."

"काजं," मास्तर म्हणाले. "काजं सगळी अस्तराला काढलीत. बाहेरून कळायला नको." ते पुन्हा भिंगात वाकले. "चिंधे, हे काम कुणाचं आहे गं?"

ती हसली. "ते शोधायला मला पगार देतात."

तिनं एक पूर्ण पान हातात दिलं. मास्तरांनी बोटाच्या टोकानं ते चाचपलं, जसं कापड चाचपतात, आणि मधल्या शिरेपासून बाजूची शीर फुटते तिथे त्यांना पुळीएवढा उंचवटा लागला. पान उलटं केलं तर तिथे खळगा, प्रत्येक शिरेच्या बगलेत एकेक. "तो खिसा आहे," ती म्हणाली. "त्यात डोळ्यांना न दिसणारे किडे राहतात. पानावरची बुरशी खातात असं दिसतं. पान त्यांना जागा देतं, ते पान झाडून देतात." मास्तरांना बगलेत खिसा ठेवायची कल्पना इतकी पसंत पडली की काही वेळ ते बॅग, ताई, सगळं विसरून नुसते शिरा मोजत बसले. एवढीशी वस्तू, झाडावर अशा हजार असतील, आणि एकीलाही कोणी उलटून बघत नाही. त्यांची लेक बघते. आपली पोर रोज सकाळी उठून हे बघायला येते, याचं त्यांना त्या क्षणी एवढं कौतुक वाटलं की त्यांना खोटा खोकला काढावा लागला.

माळी नळीत अडकला होता, म्हणून खुंटीवरचा त्याचा कोट चढवून फांदी धरायला मास्तरांनाच आत जावं लागलं. काचघरात हवा ओलसर होती, मातीचा आणि पानांचा वास होता, वर कापडी जाळी ताणून अर्धं ऊन गाळलेलं. लेकीनं उसवलेल्या बाहीतून हात घातला, खुणेचं पान शोधलं आणि त्याला तो चिमटा लावला. चिमट्याला बोटाच्या नखाएवढी काचेची खिडकी, त्यातून दोन नळ्या यंत्राकडे, आणि यंत्रावर एक रेघ हळूहळू सरकणारी. "आत जाणारी हवा बाहेरच्या खांबावरून आणलीय," ती म्हणाली. "पानातून जाऊन येते त्यातलं किती उरलं, ते रेघ सांगते. चिमट्याच्या कडेतून बाहेरचंही थोडं शिरतं. फांदी इथे धरा. हलू द्यायची नाही. रेघ सपाट झाली की मी आकडा घेईन. आणि..."

"श्वास तिकडे," मास्तर म्हणाले.

तिनं एकदम त्यांच्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. मग ती डावीकडे तोंड करून उभी राहिली, मास्तर उजवीकडे, मध्ये पान. मास्तरांनी ओठ मिटले, टाचण्या धरल्यासारखे, आणि नाकानं अगदी थोडा थोडा श्वास घ्यायला लागले. हे त्यांना येत होतं. रेघ उतरत उतरत सपाट व्हायला लागली. पान काम करत होतं. ना आवाज, ना हालचाल, आणि तरी त्या नखाएवढ्या खिडकीखाली ते काम चालू होतं, हवा आत, साखर तयार. एवढ्या शांतपणे कोणी राबताना मास्तरांनी पाहिलं नव्हतं. बायको यंत्रावर बसायची तीही खटखट करत. ते पानाकडे बघायला वळले आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "उद्या मी ताईकडे जातोय."

रेघ उडी मारून वर गेली.

"बाबा, पानात बोललात."

"चुकलो."

"हलू नका. खाली यायला वेळ लागेल." ती पुन्हा डावीकडे वळली आणि तिकडच्या काचेला विचारल्यासारखं म्हणाली, "किती दिवस?"

मास्तरांनी उजवीकडच्या झाडाला सांगितलं, "राहायलाच."

रेघ खाली येत येत पुन्हा एकदा उसळली. मास्तर घाबरले. "मी नाही बोललो."

"नाही, हे माझं," लेक म्हणाली. तिनं हाताच्या पालथ्या बाजूनं तोंड झाकलं होतं. एवढा मोठा उसासा तिनं टाकला होता आणि मास्तरांना तो ऐकू आला नव्हता, पानानं सांगितला. "का?" ती म्हणाली.

"तुला जागा पाहिजे."

"मी म्हणाले?"

"म्हणायला कशाला पाहिजे. खुर्ची सरकवतेस. तोंड फिरवून जेवतेस. चहा हातात घेत नाहीस." मास्तर हे सगळं समोरच्या झाडाला सांगत होते आणि ते झाड ऐकून घेत होतं, म्हणून सोपं जात होतं. समोर तिचं तोंड असतं तर यातलं एक अक्षर बाहेर पडलं नसतं. "तुझी आई भिंतीकडे तोंड करून निजायची. मी तिला कधी विचारलं नाही. म्हणून तुला विचारतो. मी राहू की जाऊ?"

रेघ पुन्हा उतरणीला लागली होती.

"खरं सांगू? तुम्ही माझ्या मागे येऊन उभे राहता ना, तेव्हा मला गुदमरल्यासारखं होतं. लहानपणापासून होतं. माप घेतल्यासारखे उभे राहता. पुढून या, शेजारी बसा, मी काही म्हणणार नाही. चहा मात्र तुम्ही कायम उकळताच देता, हात भाजतो, म्हणून ठेवा म्हणते. आणि जेवताना खिडकीकडे बघते, कारण तिथं कुंडीत मी बी लावलंय. ते तुमच्या लक्षातच आलेलं नाही."

"उगवलं का?"

"कुठलं. त्याला वेळ लागतो." तिनं रेघेकडे पाहिलं. "सावलीतलं झाड एकदम उघड्यावर ठेवलं ना, तर जुनी पानं करपतात. त्यांना आता नवीन होता येत नाही. नव्या उजेडाची पानं नव्यानं फुटावी लागतात. पण ती फुटेपर्यंत सगळं झाड जुन्याच पानांवर चालतं. तोडून टाकली तर झाड बसतं."

मास्तर जरा विचारात पडले. "हे तू माझ्याबद्दल बोलतेस?"

"नाही हो बाबा. पानाबद्दल बोलतेय. तुम्ही विचारलंत ना, इथे काय मोजते म्हणून."

"मी कुठे विचारलं?"

"मग आता विचारा."

मास्तर हसणार होते, पण चिमटा समोर होता. त्यांनी हसू नाकातल्या नाकात दाबलं, खांदे हलले, फांदी मात्र हलली नाही. "ताईला काय सांगू?" त्यांनी झाडाला विचारलं.

"आधी एवढं होऊ द्या. बारा वाजत आले. ऊन चढलं की कॉफी दारं लावून घेते, मग संध्याकाळपर्यंत काही नाही."

रेघ उतरली, रेंगाळली, आणि सपाट व्हायला लागली. मास्तरांनी आता श्वास पुरता धरला. समोर पानाची उलट बाजू होती, फिकट, शिरा उठलेल्या, प्रत्येक बगलेत तो इवलासा खिसा. त्या अंगाला असंख्य काजं उघडी होती आणि त्यांतून आत काहीतरी जात होतं. थोड्या वेळापूर्वी त्यांनी टाकलेल्या श्वासातलंही थोडं गेलं असेल, ताईकडे जाण्याच्या गोष्टीसकट, आणि त्याची आतापावेतो साखर झाली असेल. त्यांच्या छातीत ठोके वाजू लागले, कानांत दडे बसले, पण माप पूर्ण होईपर्यंत श्वास सोडायचा नाही हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. रेघ काठीसारखी सरळ झाली. लेकीनं बोट टेकवलं, आकडा घेतला, यंत्रावर काहीतरी लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. चिमटा उघडून पान मोकळं केलं. "काय सुंदर आलाय," ती स्वतःशीच म्हणाली, आणि मग तिच्या लक्षात आलं की बाबा अजून फांदी धरून तसेच उभे आहेत, ओठ मिटलेले, मान वळवलेली, चेहरा लालबुंद.

ती समोरून आली. अगदी जवळ, पान आणि तिचा चेहरा एका ओळीत येतील इतकी जवळ उभी राहिली आणि त्यांच्या हातातली फांदी तिनं आपल्या हातात घेतली.

"झालं, बाबा," ती म्हणाली. "आता सोडा श्वास. इकडेच सोडा."